देवाला सांगितलेली कामे

सहामाही परीक्षेच्या आधी मी आमच्या आठवीच्या वर्गाला निबंधासाठी एक विषय घातला होता, 'आमच्या घरी यंत्रमानव आला तर'. 'माझा आवडता ऋतू' आणि 'मी पाहिलेली जत्रा' हे निबंध वर्षानुवर्षे तपासून माझे डोळे शिणले होते, हे त्याचे खरे कारण. मुले आता चंद्रावर जातील, समुद्राच्या तळाशी बुड्या मारतील, असा माझा अंदाज. परंतु वह्यांचा गठ्ठा घरी आणून वाचावयास बसलो तेव्हा असे दिसले, की मुले घराचा उंबरठा ओलांडून बाहेर पडलीच नव्हती.

एकाने लिहिले होते, रात्री दोन वाजता नळाला पाणी येते तेव्हा यंत्रमानवाने उठून ते भरावे, आईला उठवू नये. दुसऱ्याने लिहिले होते, त्याने आजीला धरून मोरीपर्यंत न्यावे व आणावे. तिसरा जरा खोडकर. त्याचे म्हणणे, यंत्रमानवाने गृहपाठ करावा, पण माझ्या अक्षरात! आणि एका मुलीने, जिची आई घरी बसून विड्या वळते, असे लिहिले होते: 'त्याने पाणी भरावे, भांडी घासावी, भाकरी थापावी. विड्या मात्र वळू नयेत. त्याने विड्या वळल्या तर कारखानदार त्यालाच मजुरी देईल.'

त्या वाक्याखाली लाल शाईची रेघ मारावी म्हणून मी लेखणी टेकवली आणि थांबलो. मास्तरची लाल रेघ चुकीखाली असते, आणि येथे चूक कोठेच नव्हती. वहीच्या तळाशी मी गुण दिले, पण त्या रात्री मन त्या एका वाक्याभोवती घोटाळत राहिले. मॅट्रिकपर्यंत शिकलेला मी, यंत्रशास्त्रात मला गती नाही. कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे माणसे घरात कशी वागतात एवढेच पाहण्याची सवय आहे. म्हणून माझ्या मनात आलेला प्रश्न हा, की आपल्या मराठी घरांनी हा विचार याआधी कधी केला होता काय? सांगितलेले काम निमूटपणे करणारा, पगार न मागणारा, कधी न थकणारा असा कोणी घरी आला, तर त्याला काय काय सांगावे, याची यादी कोणी करून ठेवली आहे काय?

यादी आहे. ती सातशे वर्षांची जुनी आहे, आणि ती आमच्याच सोलापूर जिल्ह्यातली आहे.

पंढरपुराजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून एक जाते दाखवतात. आषाढी-कार्तिकीला आलेला वारकरी त्याला हात लावल्याशिवाय पुढे जात नाही. ही जनाबाई मूळची गंगाखेडची. लहानपणीच ती पंढरपुरास दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवांच्या वडिलांच्या घरी आली आणि जन्मभर त्या घरची मोलकरीण होऊन राहिली. आपल्या अभंगांत ती स्वतःला 'नामयाची दासी' म्हणवते. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा धरतात, तोच हिचा काळ. त्या घरी माणसे पुष्कळ, वारकऱ्यांची येजा पुष्कळ, आणि कामाला हात जनाबाईचे. परंपरा सांगते, की त्या हातांच्या मदतीला प्रत्यक्ष विठ्ठल आला. तो तिच्याबरोबर दळू लागला, तिच्याबरोबर शेण गोळा करून गोवऱ्या वेचू लागला, पाणी भरू लागला, धुणी धुऊ लागला. तिच्या केसांची जट काढून वेणी घालण्यापर्यंत त्याची मजल गेली.

ही एकटीच गोष्ट नव्हे. पैठणच्या एकनाथांच्या घरी (१५३३ ते १५९९) श्रीखंड्या नावाचा एक गडी राहिला. बारा वर्षे त्याने गोदावरीचे पाणी कावडीने वाहून नाथांचा रांजण भरला. तोच द्वारकेचा कृष्ण हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. द्वारकेहून एक ब्राह्मण त्याचा शोध घेत आला, तेव्हा कोठे उलगडा झाला, आणि तोवर श्रीखंड्या गुप्त झाला होता. नाथषष्ठीला लोक अजूनही पैठणास जाऊन तो रांजण पाण्याने भरतात. मंगळवेढ्याच्या चोखोबांची गोष्ट तर याहूनही घरगुती आहे. त्यांची बायको सोयराबाई बाळंत व्हावयाची होती, चोखोबा घरी नव्हते आणि जवळ मायेचे कोणी माणूस नव्हते. तेव्हा विठ्ठल नणंदेचे रूप घेऊन आला आणि त्याने तिचे बाळंतपण केले, असे सांगतात. महिपतीबुवांनी १७६२ साली 'भक्तविजय' हा ग्रंथ रचला, तेव्हापासून तर असल्या संतकथा घरोघर वाचल्या जाऊ लागल्या.

या कथा भक्तीच्या आहेत. त्यांचा आध्यात्मिक अर्थ कीर्तनकारांनी सांगावा, तो माझा अधिकार नव्हे. मला त्या येथे वेगळ्याच कारणाने हव्या आहेत. देव प्रसन्न झाला तर माणसे त्याच्याजवळ राज्य मागतात, सोने मागतात, स्वर्ग मागतात, असे आपण पुराणांत वाचतो. आणि मराठी घराने देवाजवळ काय मागितले? दळण, पाणी, सरपण, धुणे आणि बाळंतपण. आठवीतल्या मुलांच्या वह्यांत जे होते, तेच जवळजवळ! सातशे वर्षांत यादीत फारसा फरक पडलेला नाही, यावरून घरकामाचे ओझे किती जुने व किती एकसारखे आहे हे कळावे.

या कथांत आणखी एक बारीक गोष्ट आहे. विठ्ठल दामाशेटींच्या मदतीला गेला नाही; तो त्यांच्या मोलकरणीच्या मदतीला गेला. ज्याला मदत विकत घेता येते त्याच्या दाराशी तो थांबला नाही. आणि या मदतीची किंमतही मोलकरणीलाच मोजावी लागली. कथा अशी आहे, की एकदा काकडआरतीची वेळ झाली म्हणून देव घाईने उठला आणि जनाबाईच्या खोपटात आपले पदक व शेला विसरून तिची वाकळ पांघरून देवळात गेला. पदक दिसेना, तेव्हा चोरीचा आळ जनाबाईवर आला आणि तिला सुळावर चढवावयास नेले. सुळाचे पाणी झाले म्हणून ती वाचली. परक्या घरी धुणीभांडी करणाऱ्या कोणत्याही बाईला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. घरातली अंगठी सापडेनाशी झाली की पहिला संशय कोणावर जातो, हे तिला ठाऊक असते.

देव सर्वांच्याच घरी येत नसे, हे उघड आहे. मग जुन्या काळी ज्यांना परवडत होते त्यांनी काय केले? त्यांनी माणसे ठेवली, आणि त्यांतली काही माणसे विकत घेतलेली होती. हे लिहिताना आनंद होत नाही, पण इतिहास दिवाळीच्या अंकात आला म्हणून गोड करून सांगता येत नाही. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणी व बटकी यांचे उल्लेख जागोजाग सापडतात. त्यांची खरेदी-विक्री होई, किल्ल्यांवर, कोठारांत व मोठ्या वाड्यांत त्या दळणकांडण करीत, आणि त्यांच्या मुलांवरही धन्याचा हक्क सांगितला जाई. इंग्रजी अमलात १८४३ च्या कायद्याने या मालकीहक्काचा कायदेशीर आधार काढून घेतला.

वाड्यात कुणबीण, तर गावात वेठ. सरकारी अंमलदार गावी आला की त्याचे ओझे वाहावयाचे, सरपण फोडावयाचे, निरोप पोचवावयाचे, आणि हे सारे वतनाच्या नावाखाली, नाममात्र मोबदल्यावर. महार वतनाच्या या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. ते वतन कायद्याने संपले ते मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९५८ च्या कायद्याने. आणि मघाशी ज्या चोखोबांचे नाव घेतले त्यांचा शेवट कसा झाला? मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या बांधकामाला वेठीने नेलेल्या मजुरांत ते होते. भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली सापडले. १३३८ साल होते, असे परंपरा सांगते. ज्याच्या घरी देवाने बाळंतपण केले, त्याला वेठीने मारले!

आता गंमत पाहा. ज्या यंत्रमानवावर मी निबंध घातला, त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ वेठ हाच आहे. कारेल चापेक नावाच्या एका चेक लेखकाने १९२० साली एक नाटक लिहिले. एक कारखाना कामासाठी कृत्रिम माणसे तयार करतो आणि जगभर विकतो, अशी त्याची कल्पना होती. या माणसांना नाव काय द्यावे हे त्याला सुचेना, तेव्हा त्याचा भाऊ योसेफ, जो चित्रकार होता, त्याने शब्द सुचवला, 'रोबोट'. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे कुळाने जमीनदाराच्या शेतावर फुकट करावयाचे काम. १९२१ साली प्राग शहरात नाटक रंगभूमीवर आले आणि थोड्याच वर्षांत तो शब्द जगभर गेला. आपण त्याचे 'यंत्रमानव' असे भारदस्त भाषांतर केले. 'वेठ्या' म्हटले असते तर ते मुळाला अधिक धरून झाले असते.

त्या नाटकात शेवटी ही कृत्रिम माणसे बंड करतात आणि मनुष्यजात संपवतात. एकाच माणसाला ती जिवंत ठेवतात. तो असतो बांधकाम करणारा, आणि त्याला सोडण्याचे कारण एवढेच, की तो त्यांच्याप्रमाणे स्वतःच्या हातांनी काम करतो. चापेकने हे लिहिताना जनाबाईचे नावही ऐकलेले नसणार. पण जो बरोबरीने बसून काम करतो तो आपला, ही खूण दोन्हीकडे एकच आहे.

याहूनही जुनी एक नोंद आहे, आणि ती आम्हा सोलापूरकरांना फार जवळची आहे. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ अॅरिस्टॉटलने गुलामगिरीचे समर्थन करताना असे मांडले, की धोटा जर आपला आपण विणू लागला, तर मालकाला गुलामांची जरुरी राहणार नाही. त्याला वाटले, आपण एक अशक्य गोष्ट बोललो. पण त्याचा तो आपोआप चालणारा धोटा आमच्या गावात येऊन पोचला! सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. पुढे तिला सारे गाव 'जुनी मिल' म्हणू लागले. मागाहून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि भोंग्याच्या तालावर सारे गाव उठू-बसू लागले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी घरोघर हातमाग घातले, त्यांचे पुढे यंत्रमाग झाले. सोलापुरी चादरीवर जी वेलबुट्टी उठते, ती जकार्डच्या मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या हुकमाने उठते. जकार्ड या फ्रेंच माणसाने ती युक्ती १८०४ च्या सुमारास सिद्ध केली, आणि त्याच पुठ्ठ्यांवरून इंग्लंडच्या बॅबेजला गणित करणाऱ्या यंत्राची कल्पना सुचली. म्हणजे आजच्या संगणकाचे व यंत्रमानवाचे एक पूर्वज आमच्या पूर्वभागातल्या बोळाबोळांतून खटखट करीत आले आहे, आणि आम्ही ते अंगावर पांघरून झोपतो.

मग धोटा आपोआप चालू लागल्यावर माणूस मोकळा झाला काय? अॅरिस्टॉटल सोलापुरास आला असता तर चक्रावून गेला असता. धोटा आपोआप चालला, आणि त्याच्याशेजारी तुटलेला धागा सांधावयास माणूस पाळीभर उभा राहिला. त्याने भोंग्याला गिरणीत पोचावे म्हणून त्याच्या बायकोने पहाटे उठून भाकरी थापली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. भोंगा थांबला. पहाटेची भाकरी थांबली नाही.

तरीही घरात यंत्रे आली, आणि त्यांनी सुख दिले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. देवाला सांगितलेल्या कामांपैकी पहिले काम उचलले ते पिठाच्या गिरणीने. ज्यांनी जाते ओढलेले नाही त्यांना तिचे मोल कळावयाचे नाही. माझी आजी सांगे, की पहाटे कोंबडा आरवण्याआधी उठावयाचे, वैरणीची मूठ जात्याच्या तोंडी घालावयाची आणि खुंटा धरून ओढावयाचे ते पुरे घराचे पीठ पडेतो. जाते बोथट झाले की टाकी लावून घ्यावयाची. मोठे जाते एकटीने ओढवत नसे. दोघी समोरासमोर बसत, दोघींचे हात एकाच खुंट्यावर, आणि त्या ओढीबरोबर ओव्या येत. तेलाच्या इंजिनावर पुक्‌पुक्‌ करणारी गिरणी गावात आली आणि बायकांची पहाट सुटली. तिच्याबरोबर ओव्याही गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हां या दोघांनी पुण्यात राहून खेडोपाड्यांतल्या बायकांकडून त्या ओव्या गोळा करावयास घेतल्या, तेव्हा त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एक लाख ओव्या! म्हणून कोणी पुन्हा जाते ओढा म्हणेल तर माझी आजी त्याला खुंट्यानेच मारील. पण समोर बसणारी दुसरी बाई त्या गिरणीबरोबर गेली, एवढे मात्र तीही कबूल करी.

दुसरे काम पाण्याचे. सोलापूरच्या उत्तरेचा एकरूख तलाव १८७१ साली पुरा झाला. पुढे भीमेवर उजनीचे धरण १९८० साली झाले आणि तिचे पाणी नळाने शहरात आले. श्रीखंड्याची कावड लोखंडी नळाने उचलली. पण आमच्या गावात कित्येक वर्षे ते पाणी तीन, चार, पाच दिवसांच्या अंतराने, आणि तेही आडवेळी आले. त्यामुळे रात्री उठून ते भरण्याचे काम घरातल्या श्रीखंड्यालाच राहिले, आणि तो श्रीखंड्या लुगडे नेसलेला होता. तिसरे काम सरपणाचे, ते गॅसने उचलले. चौथे, वाटणघाटणाचे, ते मिक्सरने उचलले. त्याची कथा तर मुंबईचीच आहे. १९६० च्या दशकात सत्यप्रकाश माथुर नावाच्या एका अभियंत्याच्या घरचा परदेशी मिक्सर जळाला. तो मऊ, पातळ पदार्थांसाठी केलेला. आपली भिजवलेली डाळ, सुके खोबरे आणि हळकुंडे त्याला कशी झेपावी? बायकोने सांगितले, एवढे अभियंते आहात तर आपल्या स्वयंपाकाला पुरेल असे यंत्र करून दाखवा. त्यांनी ते केले, आणि 'सुमीत' या नावाने ते देशभर पोचले. आमची शेंगाचटणी मात्र अजून उखळात कुटल्याशिवाय तिला तेल सुटत नाही, असे आमच्या घरातून ठाम मत आहे, आणि चटणीपुरते मला मत नाही.

परदेशांत २००२ साली केर काढणारी एक गोल चकती बाजारात आली. ती आपली आपण घरभर फिरते. गुळगुळीत जमिनीवर ती छान फिरत असेल. पण आमच्या शहाबादी फरशीच्या सांध्यांचे आणि खोलीखोलीच्या उंबऱ्यांचे काय? प्रत्येक उंबऱ्यापाशी तिला उचलून पलीकडे ठेवावयास एक माणूस लागेल, आणि तो माणूस कोण असेल हे वाचकांनीच ओळखावे.

कारण हिशेब तसेच सांगतात. आपल्या सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर एक पाहणी केली. माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात, याची ती नोंद होती. बिनपगारी घरकाम शंभरातल्या ८१ बायका करीत होत्या, आणि पुरुष शंभरातले २६. जे करीत होते त्यांतही बाईची रोजची २९९ मिनिटे त्यात जात होती आणि पुरुषाची ९७. गिरणी आली, नळ आला, गॅस आला, मिक्सर आला, आणि तरीही बाईचे पाच तास जागच्या जागी! यंत्राने कामाचे कष्ट कमी केले. काम कोणाचे, हा प्रश्न कोणत्याही यंत्राने सोडवलेला नाही, कारण तो यंत्राला विचारलेलाच नाही.

आता त्या मुलीच्या वाक्याकडे वळतो. घरकाम करणारे यंत्र आणि मजुरीचे काम करणारे यंत्र यांतला फरक तिने ज्या सहजपणे ओळखला, त्यावर या देशात थोरामोठ्यांची डोकी शिणली आहेत. १९२४ साली गांधीजींना कोणीतरी विचारले, तुमचा सर्वच यंत्रांना विरोध आहे काय? तेव्हा त्यांनी अपवाद सांगितला तो शिवणयंत्राचा. बायको हाताने टाके घालून दमते हे पाहून सिंगरने ते तिच्या मायेपोटी केले, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. किंमत दीडशे रुपयांहून जास्त नको. झोपडीत मावेल इतका हलका हवा. आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावे. वीस वर्षे टिकावा. आणि बाईला त्यावर फार न दमता काम करता यावे. घरगुती यंत्राकडून आपल्याला काय हवे, हे इतक्या रोकड्या भाषेत आपल्याकडे क्वचितच कोणी लिहिले असेल. त्यातली खरी अट अशी, की यंत्राने बाईचा थकवा घ्यावा, पण तिची जागा घेऊ नये. ते लाख रुपये कोणालाच मिळाले नाहीत.

आमच्या गावात विड्या वळणाऱ्या बायकांचे घर पाहिले म्हणजे त्या अटीचा अर्थ कळतो. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू, हातात दोरा. मजुरी हजार विड्यांमागे. हजार पुऱ्या करावयाच्या तर सकाळपासून बसावे लागते, आणि उठावे लागते ते पाण्याला, चुलीला, भांड्यांना. उठले की हजारातल्या विड्या कमी होतात. म्हणून लेकी शाळेतून आल्या की एक भांड्यांना जाते आणि दुसरी आईच्या सुपाशी बसते. त्या घरी यंत्रमानव आला आणि त्याने पाणी भरले, तर आईच्या विड्या वाढतील. तोच विडीच्या कारखान्यात गेला, तर आईच्या विड्या संपतील. यंत्र तेच, हात तेच. ते घराच्या कोणत्या बाजूला उभे राहते आणि कोणाच्या सांगण्यावरून राहते, एवढ्यावरून ते तिच्यासाठी विठ्ठल ठरते किंवा वेठ ठरते.

मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला बाजूला बोलावले. निबंध चांगला लिहिलास म्हटले आणि विचारले, "समज, तो आला आणि त्याने सगळी भांडी घासली. मग तू त्या वेळात काय करशील?"

मला वाटले, ती म्हणेल अभ्यास करीन. मास्तरसमोर मुले तेच म्हणतात. ती जरा वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन कोरत उभी राहिली. मग म्हणाली, "सर, मग आई आमच्याबरोबर जेवेल."

मी काही बोललो नाही. घंटा झाली आणि ती वर्गात पळाली.

त्या संध्याकाळी घरी आलो, तर चकलीची भाजणी मळून ठेवलेली होती. सोऱ्या भरून सौ. एकटीच दाबीत बसली होती. आमचा सोऱ्या जुना, पितळी, माझ्या आईच्या वेळचा. त्याला जोर फार लागतो आणि भाजणी घट्ट झाली की दोन्ही हात भरून येतात. बाजारात आता दट्ट्या फिरवण्याचे, कमी जोरात चालणारे सोऱ्ये मिळतात, ते आणू या, असे ती दोन वर्षे म्हणत होती, आणि मी दोन वर्षे 'पाहू' म्हणत होतो. मी सदरा खुंटीला अडकवला, हात धुतले आणि तिच्यासमोर बसलो.

"हे काय?" तिने विचारले.

"सोऱ्या इकडे दे," मी म्हटले. "तू तळ."

माझ्या पहिल्या पाच-सहा चकल्यांना काटा होता, पण आकार नव्हता. एक तर सरळ शेवेसारखी लांब गेली. ती हसून म्हणाली, "ह्या तुमच्या मित्रांना द्या." आम्ही रात्री नऊपर्यंत बसलो. मग पाने वाढली, सगळी एकदमच. उद्या शाळा सुटल्यावर बाजारात जाऊन नवा सोऱ्या आणावयाचा आहे, तोही मी ठरवून टाकला आहे. दाबावयास मात्र यंदा मीच बसणार आहे.